फ्रॉनगॉख: बाबांबरोबर वेल्समधल्या एका बंद रेल्वे लाइनवर

आमचे बाबा भुसावळ डिव्हिजनला सिग्नल खात्यात होते. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली तरी प्रवासात बाकीचे डोंगर-झाडं बघतात आणि हे सिग्नल बघतात. यंदा मे महिन्यात ते लिव्हरपूलला आमच्याकडे राहायला आले, म्हटलं लंडन दाखवू, एडिनबरा दाखवू, तर त्यांना नवऱ्याच्या कपाटात वेल्सचा एक घडीचा नकाशा सापडला, ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशा खात्याचा, आणि त्यावर बाला नावाच्या गावापासून डोंगरात शिरणारी एक तुटक रेघ. शेजारी बारीक अक्षरात लिहिलेलं, काढून टाकलेली रेल्वे. ती रेघ जाते जाते आणि एका तलावाशी गायब होते, मग पलीकडे परत सुरू. "हे काय झालंय इथे?" बाबांनी विचारलं आणि बँक हॉलिडेचा वीकेंड कुठे घालवायचा ते ठरलं.

शुक्रवार: लिव्हरपूल ते बाला

मर्सी नदीखालच्या बोगद्यातून बाहेर पडलो, मोल्ड, रुथिन करत दोन तासांत बाला. रस्ता सुंदर आहे पण वळणाचा, ज्यांना गाडी लागते त्यांनी आवळा सुपारी जवळ ठेवा. मे महिना म्हणजे कोकरांचा सीझन, प्रत्येक शेतात आईच्या मागे धावणारी पांढरी पिल्लं, बाबा पहिली दहा मिनिटं "अरे वा" म्हणाले आणि नंतर झोपले.

बाला म्हणजे एक लांब मुख्य रस्ता, दोन्ही बाजूंना दुकानं, मध्ये टॉम एलिस या जुन्या खासदाराचा पुतळा आणि टोकाला लिन तेगिद, वेल्समधला सगळ्यात मोठा नैसर्गिक तलाव. इथे वेल्श भाषा नुसती पाट्यांवर नाही, खरंच बोलतात. बेकरीत पुढचा माणूस आणि काउंटरवरची मुलगी वेल्शमध्ये भराभर बोलत होते, आमची पाळी आली तशी ती सहज इंग्लिशवर आली. आम्ही 'बारा ब्रिथ' नावाचा पदार्थ घेतला, चहात भिजवलेल्या मनुकांचा ब्रेड, जाड काप आणि वर लोणी. बाबांनी दोन काप संपवले आणि म्हणाले गोड जरा कमी आहे.

मुक्काम एका घरगुती बी अँड बीमध्ये होता. मालकीणबाई सत्तरीच्या, पायात बूट, हातात कायम काहीतरी काम. कशासाठी आलात म्हणून विचारलं, इथे बहुतेक लोक तलावावर नाहीतर राफ्टिंगला येतात. बाबांनी नकाशा टेबलावर पसरला आणि त्या तुटक रेघेवरच्या फ्रॉनगॉख गावावर बोट ठेवलं. त्या हसल्या, म्हणाल्या मग तुम्हाला तीन गोष्टी बघाव्या लागतील, दारू, कैदी आणि पाणी. एवढं बोलून अंडी किती आणि कशी ते विचारायला लागल्या, आणि बाबा शाकाहारी आहेत कळल्यावर सकाळी मशरूम आणि बीन्सचा डोंगर वाढला.

रात्री पबमध्ये बाबांना ग्लॅमॉर्गन सॉसेज मिळालं. नावाला सॉसेज, आत चीज, लीक आणि ब्रेडचा चुरा, मांस अजिबात नाही. उत्तर वेल्समध्ये शाकाहारी माणसाचं कसं होणार ही माझी काळजी तिथेच संपली, तरी तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा गाडीत होताच.

जेवताना नवऱ्याने फोनवर वाचून लाइनचा इतिहास सांगितला तो थोडक्यात असा. पलीकडे डोंगरात ब्लायनाय फेस्टिनियॉग हे स्लेटच्या खाणींचं गाव. अर्ध्या जगाच्या छपरांवर तिथली स्लेट जायची. 1879 मध्ये लंडन अँड नॉर्थ वेस्टर्न ही कंपनी उत्तरेकडून डोंगराखाली दोन मैलांहून लांब बोगदा पाडून तिथे पोचली. तिची प्रतिस्पर्धी ग्रेट वेस्टर्न मागे कशी राहील, तिच्या पाठबळावर बालाकडून ही दुसरी लाइन निघाली, 1 नोव्हेंबर 1882 ला फेस्टिनियॉगपर्यंत सुरू झाली आणि पुढच्या वर्षी थेट ब्लायनायपर्यंत. साधारण पंचवीस मैल, सिंगल लाइन, सगळा चढउतार. फ्रॉनगॉख हे बालानंतरचं पहिलं गावठी स्टेशन. बाबांचं मत: "दोन कंपन्यांच्या भांडणात बांधलेली लाइन. अशी लाइन कधीच नीट कमवत नाही."

शनिवार: फ्रॉनगॉख

बालाहून फ्रॉनगॉख तीनेक मैल, ए4212 रस्त्याने. सकाळी ढग इतके खाली होते की डोंगर आहेत हे विश्वासावर मानायचं. पाऊस म्हणावा तर पाऊस नाही, पण छत्री मिटली की पाच मिनिटांत चष्मा ओला.

आधी स्टेशनकडे गेलो. हे सांगून ठेवते की स्टेशन आता कोणाचं तरी राहतं घर आहे, तेव्हा आत जायचं नाही, फाटक उघडायचं नाही, बाहेरून बघायचं आणि फोटो काढताना खिडक्यांकडे कॅमेरा धरायचा नाही. आम्ही तेवढंच केलं, आणि तेवढ्यात सुद्धा बाबांचं पोट भरलं. दगडी इमारत, फलाट जागेवर, आणि फलाटावरची सिग्नल केबिनही शाबूत. फलाटाच्या कडेचे दगड अजून एका रेषेत आहेत, फक्त सांध्यांतून नेचे उगवलेत आणि जिथे रूळ होते तिथे हिरवळ. बाबा कुंपणाबाहेर उभे राहून कितीतरी वेळ केबिनकडेच बघत होते. मला वाटलं भावुक झालेत. तर म्हणाले, "केबिनमधून दोन्ही बाजूंचा किती पल्ला दिसत असेल ते बघतोय."

मग त्यांनी आम्हाला तिथेच, ओल्या रस्त्यावर, सिंगल लाइन कशी चालते ते समजावलं. दोन स्टेशनांमधल्या तुकड्यात एका वेळी एकच गाडी. ड्रायव्हरच्या हातात त्या तुकड्याचं टोकन असल्याशिवाय गाडी हलवायची नाही, आणि दोन्हीकडची यंत्रं तारेने अशी बांधलेली की एक टोकन बाहेर असलं की दुसरं निघतच नाही. आपल्याकडे तो लोखंडी गोळा असायचा, वेताच्या मोठ्या कड्याला चामड्याची पिशवी आणि पिशवीत गोळा, थ्रू म्हणजे न थांबणारी गाडी असली तर फायरमन चालत्या इंजिनातून हात बाहेर काढून ते कडं दंडात अडकवून घ्यायचा. "इकडचाच शोध, आपल्याला यांनीच शिकवला," बाबा म्हणाले, आणि हे बोलताना त्यांचा उजवा हात आपोआप कोपरात वाकला होता.

आता मालकीणबाईंच्या तीन गोष्टी.

पहिली दारू. इथले जमीनदार रिचर्ड जॉन लॉइड प्राइस, बालाजवळच्या रिवलास इस्टेटचे मालक, म्हणजे डोक्यात सतत काहीतरी खूळ असलेला माणूस. 1873 मध्ये मेंढपाळ कुत्र्यांची ब्रिटनमधली पहिली स्पर्धा बालाला त्यांनीच भरवली. मग 1889 मध्ये फ्रॉनगॉखला व्हिस्कीची भट्टी काढली. पाणी ट्रिवेरिन नदीच्या खोऱ्यातलं, माल आणायला-न्यायला दारातच रेल्वे, कागदावर हिशोब अगदी पक्का. पण वेल्समध्ये 1881 च्या कायद्याने रविवारी दारूचे गुत्ते बंद झालेले, आणि बाला तर कट्टर चॅपलवाल्यांचं, दारूला पाप मानणाऱ्यांचं गाव. अशा ठिकाणी दारूचा कारखाना काढायला वेगळीच छाती लागते. 'रॉयल वेल्श व्हिस्की' असं झोकदार नाव होतं, पण स्कॉच पिणाऱ्यांनी तिला फारसं विचारलं नाही आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच भट्टी बंद पडली. इमारती मात्र उभ्या राहिल्या, स्टेशनजवळच, रिकाम्या.

दुसरी गोष्ट त्यामुळेच घडली. पहिलं महायुद्ध सुरू झालं, सरकारला कैदी ठेवायला जागा हवी होती आणि इथे डोंगरात, रेल्वेच्या कडेला, दगडी इमारती आयत्या तयार. आधी जर्मन युद्धकैदी आणले. मग एप्रिल 1916 मध्ये डब्लिनला ब्रिटिश राजवटीविरुद्ध ईस्टरचा उठाव झाला, तो आठवडाभरात मोडला, आणि हजारो लोकांना धरून इंग्लंडच्या तुरुंगांत पाठवलं. जूनपासून त्यातले जवळपास 1,800 जण फ्रॉनगॉखला. खटला नाही, शिक्षा नाही, नुसतं डांबून ठेवलेलं. जुन्या भट्टीतली दक्षिण छावणी आणि वरच्या अंगाला लाकडी झोपड्यांची उत्तर छावणी. भट्टीत ओल आणि उंदीर, झोपड्यांभोवती चिखल. हे सगळे आले ते याच फलाटावर.

सरकारचा हिशोब असा की यांना लांब नेऊन टाकलं की वळवळ थांबेल. झालं उलटंच. आयर्लंडच्या कानाकोपऱ्यातून, जे एकमेकांना कधी भेटले नसते असे सगळे तरुण एका कुंपणात जमा झाले, त्यांनी वर्ग काढले, कवायती केल्या, आयरिश भाषा शिकले, काहींनी वेल्शसुद्धा. आयर्लंडमध्ये या छावणीला आजही क्रांतीचं विद्यापीठ म्हणतात. आयर्लंडच्या स्वातंत्र्यलढ्याचा पुढचा मोठा नेता मायकल कॉलिन्स इथे होता, तेव्हा वय पंचविशीचं. रिचर्ड मल्काही इथे होता, जो पुढे आयरिश सैन्याचा प्रमुख झाला. डिसेंबर 1916 मध्ये लॉइड जॉर्ज पंतप्रधान झाले, ते घरी वेल्श बोलणारे, आणि त्याच महिन्यात, नाताळच्या तोंडावर, उरलेल्या सगळ्यांना सोडून दिलं. पाच वर्षांनी, डिसेंबर 1921 मध्ये, लंडनला ब्रिटन-आयर्लंड करारावर सह्या करताना टेबलाच्या एका बाजूला लॉइड जॉर्ज आणि दुसऱ्या बाजूला कॉलिन्स. बाबा म्हणाले, "सरकारने स्वतःच्या खर्चाने सगळ्यांना तिकीट काढून एकत्र आणलं की." मला हे वाक्य इतिहासाच्या पुस्तकात घालावंसं वाटलं.

भट्टी पुढे 1930 च्या दशकात पाडली. त्या जागेवर आता गावची प्राथमिक शाळा आहे. रस्त्याच्या कडेला स्मारकाची पाटी आहे, आयरिश, वेल्श आणि इंग्लिश अशा तिन्ही भाषांत. आम्ही वाचत होतो तेवढ्यात आयर्लंडच्या नंबर प्लेटची एक गाडी थांबली, आतून वयस्कर नवरा-बायको उतरले, कॉर्कचे. तिचे आजोबा इथे होते. ती पाटीसमोर उभी राहिली आणि पिशवीतून थर्मास काढून चहा ओतायला लागली, म्हणाली होलीहेडच्या बोटीवरून उतरल्यापासून चहा मिळाला नाही. मग आमच्या पुऱ्या आणि त्यांचा चहा असा नाश्ता रस्त्याच्या कडेला झाला. आजोबा छावणीबद्दल घरी कधी बोलले नाहीत, ती म्हणाली, फक्त उंदरांबद्दल बोलायचे. तिखटमिठाची पुरी तिला आवडली, तिच्या नवऱ्याला जरा झेपली नाही, नाक लाल झालं बिचाऱ्याचं.

जाणाऱ्यांसाठी: फ्रॉनगॉखला हॉटेल-बिटेल शोधू नका. जवळच राष्ट्रीय व्हाइट वॉटर सेंटर आहे, तिथे कॅफे आणि टॉयलेट, आणि बाहेर बसून राफ्टिंगवाल्यांच्या किंकाळ्या फुकट ऐकायला मिळतात. नदी तिथे उन्हाळ्यातही खळाळत असते कारण वरच्या धरणातून पाणी सोडतात. म्हणजे मालकीणबाईंची तिसरी गोष्ट. ती रविवारसाठी ठेवली.

रविवार: पाणी

सकाळी उठलो तर लख्ख ऊन. वेल्समध्ये हवामानाच्या अंदाजावर विश्वास ठेवू नये, कपडे थरांचे घालावेत आणि गप्प बसावं.

फ्रॉनगॉखच्या पुढे थोड्याच अंतरावर धरणाची भिंत लागते. काँक्रीट नाही, मातीचा बांध आणि त्यावर गवत, लांबून टेकडीच वाटते. मागे लिन केलिन, निळं पाणी, समोर आरेनिगचा डोंगर. कोणाला माहीत नसेल तर म्हणेल काय छान नैसर्गिक तलाव. याच्या खाली कापेल केलिन गाव आहे. होतं.

लिव्हरपूल महापालिकेला पाणी हवं होतं, घरांसाठी आणि कारखान्यांसाठीही. त्यांनी ट्रिवेरिनचं खोरं निवडलं आणि थेट लंडनच्या संसदेतून कायदा करून घेतला, 1957 मध्ये, म्हणजे इथल्या स्थानिक पालिकेची परवानगी मागायचा प्रश्नच उरला नाही. एकाही वेल्श खासदाराने बाजूने मत दिलं नाही, तरी कायदा झाला. त्याच्या आदल्या वर्षी, नोव्हेंबर 1956 मध्ये, गावकरी पोराबाळांसकट लिव्हरपूलच्या रस्त्यांवर मोर्चा घेऊन आले होते, हातात फलक, तुमची घरं सुरक्षित आहेत, आमची वाचवा अशा अर्थाचे. मी त्या शहरात इतकी वर्षं राहते, टाउन हॉलवरून येताजाता बस पकडते आणि हे मला माहीत नव्हतं. धरणातून सोडलेलं पाणी ट्रिवेरिनमधून डी नदीत जातं, चेस्टरजवळ उचलतात, आणि लिव्हरपूलला जाणाऱ्या पाण्यात त्याचा वाटा असतो. नवरा म्हणाला, "म्हणजे सकाळचा चहा..." आणि पुढे बोलला नाही.

गाव छोटंच, डझनभर घरं आणि शेतं, एक चॅपल, एक शाळा, एक पोस्ट. सदुसष्टपैकी अठ्ठेचाळीस माणसांची घरं गेली. चॅपलमधली शेवटची प्रार्थना 1963 मध्ये झाली. दफनभूमीतल्या काही मृतांचे अवशेष घरच्यांनी दुसरीकडे हलवले, बाकीचे तिथेच राहिले. 21 ऑक्टोबर 1965 ला उद्घाटन ठेवलं तर निदर्शकांनी ते काही मिनिटांत गुंडाळायला लावलं. लिव्हरपूलने माफी मागितली ती 2005 मध्ये.

आणि रेल्वे? हाच बाबांचा मूळ प्रश्न. मला वाटत होतं की ही लाइन डॉ. बीचिंग यांनी बंद केली असणार. ब्रिटनमध्ये कुठलंही छोटं स्टेशन बंद दिसलं की लोक त्यांचंच नाव घेतात, त्यांचा अहवालच तसा होता, हजारो मैल लाइन बंद करा म्हणणारा. पण तो अहवाल मार्च 1963 चा. फ्रॉनगॉखवरून शेवटच्या प्रवासी गाड्या गेल्या त्या 2 जानेवारी 1960 ला, शनिवारी, आणि सोमवारपासून स्टेशन अधिकृतपणे बंद. मालगाड्या जानेवारी 1961 मध्ये थांबल्या. धरणाच्या पाण्यात लाइनचा एक तुकडा जाणार होता, डोंगरातून वळवून नवी लाइन टाकायची तर खर्च मोठा आणि उतारू मोजकेच, सकाळ-संध्याकाळची शाळेची पोरं आणि बाजाराच्या दिवशी शेतकरी. कोणी जोर लावला नाही.

इथे बाबा आणि नवऱ्याचा वाद झाला. नवरा म्हणे, लाइन तोट्यात होती, धरण नसतं तरी दोन-चार वर्षांत बीचिंगने उडवलीच असती. बाबा म्हणे, असेल, पण तोटा मोजायची वेळच आली नाही, आधी पाणी आलं. आणि फ्रॉनगॉखचं स्टेशन तर धरणाच्या खाली आहे, त्याला पाण्याचा थेंब लागला नाही. बालापासून तिथपर्यंतचे रूळ कोरडेच होते. वरचं खोरं बुडालं म्हणून खालचं स्टेशन मेलं. मला बाबांचंच पटलं. या जागेवर जे काही आलं, भट्टी, छावणी, धरण, ते बाहेरच्या कोणीतरी ठरवलं आणि स्टेशनने निमूटपणे उतरवून घेतलं. पुण्याजवळ मुळशीला 1921 मध्ये सेनापती बापटांबरोबर शेतकरी उभे राहिले होते, मुंबईच्या विजेसाठी आमची भातखाचरं का म्हणून, ते आम्हा तिघांनाही आठवलं. तिथेही धरण झालंच.

तलावाच्या काठावर स्मारक म्हणून बांधलेलं छोटं चॅपल आहे, जुन्या दफनभूमीतले दगड तिथे ठेवलेत. आम्ही गेलो तेव्हा ऐंशीच्या आसपासचे एक गृहस्थ कुत्र्याला घेऊन बाकावर बसले होते. बाबांनी आपल्या इंग्लिशमध्ये सरळ विचारलं, तुम्ही या गाडीने गेलायत का? ते म्हणाले, गेलोय म्हणजे काय, आरेनिगहून रोज बालाला शाळेत याच गाडीने. मग जे काही सुरू झालं. थंडीत डबा गरम व्हायचा तो पाय ठेवायच्या जागेपासून, त्यामुळे खिडकीपेक्षा खालची जागा पकडायला मारामारी. कापेल केलिनच्या हॉल्टला नुसता छोटा फलाट, 1930 मध्ये केलेला, तिथे उतरायचं असेल तर गार्डला आधी सांगायचं. एखादं पोर लांबून शेतातून धावत येताना दिसलं तर ड्रायव्हर थांबायचा. बाबांनी लगेच विचारलं, टाइमटेबलचं काय मग? गृहस्थ म्हणाले, पुढे उतार होता, भरून काढायचा. दोघं इतके हसले की कुत्रं भुंकायला लागलं. बाबांनी त्यांना भुसावळबद्दल सांगितलं, किती रूळ, किती गाड्या, आणि ते "नो!" "नो!" करत ऐकत होते.

आम्ही त्यांना विचारलं की रूळ कुठून जायचे. त्यांनी काठीने आधी पाण्याकडे दाखवलं, मग आमच्या गाडीकडे. धरणानंतर झालेला हा ए4212 रस्ता बराचसा जुन्या लाइनच्या बाजूबाजूने आणि काही ठिकाणी तर तिच्याच जागेवरून जातो. म्हणजे सकाळपासून आम्ही अधूनमधून लाइनवरूनच गाडी चालवत होतो.

पुढे आरेनिगला जुनी खडीची खाण, मग झाडं संपतात आणि नुसतं माळरान. डावीकडे उजवीकडे बघत राहा, कुम प्रसॉरचा नऊ कमानींचा दगडी पूल दिसतो, एवढ्या ओसाड जागी एवढं देखणं बांधकाम. आम्ही गाडी बाजूला लावून लांबूनच बघितला कारण वारा असा होता की बाबांची टोपी मेंढ्यांच्या कळपात गेली आणि ती नवऱ्याने चिखलातून आणली.

टीप: या पट्ट्यात पेट्रोल पंप नाही, मोबाइलला रेंज बऱ्याच ठिकाणी नाही, नकाशा आधीच डाउनलोड करा किंवा बाबांसारखा कागदाचा ठेवा. बूट वॉटरप्रूफच हवेत.

ट्राउसव्हनिदला पोचेपर्यंत दुपार. इथलाच शेतकरी कवी हेद विन, जुलै 1917 मध्ये बेल्जियमच्या रणांगणावर मारला गेला, आणि त्याच वर्षी सप्टेंबरात राष्ट्रीय आयस्टेद्वोद या वेल्श कविता-संगीताच्या उत्सवात पहिल्या बक्षिसासाठी त्याचं टोपणनाव पुकारलं तर उभं राहायला कोणी नाही. मानाच्या खुर्चीवर काळं कापड घातलं. ती खुर्ची त्याच्या घरी, अर अस्गुर्नला, बघायला मिळते, पण वेळा आधी तपासून जा, रोज उघडं नसतं. आम्हाला बंद मिळालं.

तळ्याकाठी अणुवीज केंद्राच्या दोन अजस्र इमारती आहेत, 1991 पासून वीज बंद, मोडतोड अजून चालू. आणि बाबांना दिवसभरातली सगळ्यात आवडलेली माहिती इथे मिळाली: बालाकडची लाइन उखडली, पण या टोकाचा तुकडा ठेवला. 1964 मध्ये ब्लायनायला दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांच्या लाइनी एकमेकींना जोडल्या, केंद्राचं वापरलेलं अणुइंधन गाडीने बाहेर न्यायला, आणि त्या गाड्या 1990 च्या दशकापर्यंत चालल्या. "माणसांसाठी जोडायला ऐंशी वर्षं सुचलं नाही," बाबा म्हणाले, "आणि इंधनासाठी लगेच."

सोमवार: तेगिदच्या काठाने

आतापर्यंत सगळी मेलेली रेल्वे बघितली, म्हणून शेवटच्या दिवशी चालणारी. बालाच्या तलावाच्या काठाने लानुखलिनपर्यंत साडेचार मैलांची नॅरो गेज गाडी आहे, रुआबॉन ते बारमथ या दुसऱ्या मोठ्या लाइनच्या जागेवर. ती मोठी लाइन 1965 मध्ये बंद झाली, आणि 1972 मध्ये हौशी लोकांनी त्याच मार्गावर छोटे रूळ टाकले. इंजिनं स्लेटच्या खाणींतून आणलेली. आमच्या गाडीला 'मेड मॅरियन' होतं, 1903 चं, लीड्सच्या हन्सलेट कारखान्यातलं. गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, दोन फुटांच्या आसपासचं, म्हणजे नेरळ-माथेरानएवढंच, त्यामुळे बाबांना घरच्यासारखं वाटलं. तलावाच्या बाजूला बसा, जाताना उजवीकडे.

लानुखलिनला ग्रेट वेस्टर्नच्या काळातली सिग्नल केबिन अजून आहे. तिथल्या स्वयंसेवकाने बाबांना वर बोलावलं. जिना चढून गेले ते पाऊण तास खाली आलेच नाहीत, आम्ही खाली वेल्श केक खात बसलो, तव्यावर भाजलेले, साखर भुरभुरवलेले, गरम असतील तरच घ्या. खिडकीतून दोघांचे हात हलताना दिसत होते. खाली आल्यावर बाबांनी एवढंच सांगितलं की लिव्हरला फडकं धरूनच हात लावायचा हा नियम इकडेही आहे, घामाने लोखंड गंजतं, आणि त्या माणसाने त्यांना बजावायच्या आत त्यांनी खिशातून रुमाल काढला होता.

गाडी नसेल तर काय: लिव्हरपूल किंवा चेस्टरकडून ट्रेनने रुआबॉन किंवा रेक्सम, तिथून बारमथकडे जाणारी टी3 बस लँगोलेन, कॉर्वेन करत बालाला सोडते. फ्रॉनगॉख आणि धरणासाठी मात्र टॅक्सी सांगा किंवा चाला. परतताना आम्ही कॉर्वेनला थांबलो होतो, तिथे लँगोलेनची हेरिटेज रेल्वे 2023 पासून नव्या स्टेशनापर्यंत येते, तीही करता आली असती. बाबा मागच्या सीटवर डोळे मिटून होते. नवऱ्याने विचारलं, बघायची का? "डिझेल लावलंय का वाफेचं?" डोळे न उघडता प्रश्न आला. आज डिझेल आहे म्हटल्यावर म्हणाले, "मग चहा घ्या आणि निघा."